जिराफापर्यंत ठीक

गालांवर फेस, मान मागे टाकलेली, गळ्याच्या घाटीवर उघडा वस्तरा, आणि अशा वेळी सख्ख्या थोरल्या भावाचा आवाज सलूनवाल्याच्या तोंडून ऐकू यावा, याहून ओंगळ सकाळ त्याच्या आयुष्यात आली नव्हती. आरशाच्या वर टीव्ही होता आणि टीव्हीवर तो कार्यक्रम पुन्हा एकदा लागला होता. संगणकाने रंगवलेला निळा समुद्र, इमारतीएवढी चिनी जहाजं, शिडांवर ऊन, मागे ढोल. कोलंबस वगैरे मंडळी पाळण्यात जायच्याही आधी चिनी आरमाराने अख्खी पृथ्वी पालथी घातली होती, असं त्या ढोलांचं म्हणणं होतं. मग एक परदेशी म्हातारा प्राध्यापक चष्मा पुसत पडद्यावर आला, आणि त्याच्या ओठांतून शब्दाच्या आधी एक लांबलचक, ओला, चिकट खाकरा निघाला. खुर्च्यांवरची मंडळी खदखदली. सलूनवाला तर या क्षणाची वाटच पाहत होता. वस्तरा हवेत धरून त्याने स्वतःचा गळा तळापासून खरवडला आणि नाकातून म्हणाला, "जिराफापर्यंत ठीक आहे. पुढे पुरावा काय?" पुन्हा हशा. "काय नग आहे हो हा म्हातारा! आमची बायको भाजीवाल्याशी आता असंच बोलते. तो म्हणाला ताजी आहे, की ही म्हणते, पुरावा काय?" बोलता बोलता त्याच्या ओठांवरून थुंकीचा एक बारीक थेंब सुटला आणि गालावरच्या फेसावर येऊन बसला. फेसाला थेंबाचं काही वाटलं नाही. त्याला वाटलं. टॉवेलखालून हात काढून तो थेंब पुसावा, असं मनात आलं. पण वस्तरा पुन्हा गळ्यावर आला होता, आणि वस्तऱ्याखाली माणूस सभ्यच असतो. "हं," एवढंच तो म्हणाला. एक अख्खं वाक्य बोलला असता तर दुकानात गोंधळ उडाला असता, कारण पडद्यावरचा तो खाकरा त्याचाच होता. म्हणजे त्याने केलेला. म्हणजे दादाचा.

तो आवाजाचा धंदा करत होता. चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, पण हवामान, साबण, गुडघेदुखीचं तेल आणि हत्तींचं कौटुंबिक जीवन या सर्व विषयांवर लोकांनी त्याचं ऐकलेलं होतं. लहानपणी तो शेजाऱ्यांच्या, मास्तरांच्या, कुत्र्यांच्या नकला करायचा, म्हणून दादाने त्याचं नाव पोपट ठेवलं, आणि पन्नाशी उलटली तरी पोपट पोपटच राहिला. दाढी गुळगुळीत करून तो रस्त्यावर आला तेव्हा त्या थेंबाची जागा गालावर अजून थंड लागत होती. रुमालाने पुसली, मग रुमालच खिशात नकोसा झाला. खरं तर दाढी घरीही झाली असती. पण माणूस कुठे जायला कचरत असला की आधी दाढी करून घेतो, चपला शिवून घेतो, काहीबाही करतो. इस्पितळ समोरच्या वळणावर होतं. दादाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्या दिवशी तो आला होता, पण दादा गुंगीत होता, आणि गुंगीतल्या माणसाला भेटणं सोपं असतं. नंतर रेकॉर्डिंग निघालं, मग सर्दी निघाली, मग सर्दी दादाला लागेल ही काळजी निघाली. आज सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, या हो आज. पाटीवर सारखं पोपट, पोपट लिहितायत. मला वाटलं खुळावले की काय." आणि थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आणि एक विचारू? आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही हो. कुणी फोन समोर धरला की तोंड मिटून बसायचे, फोटोतसुद्धा. आता तो तुमचा टीव्हीवरचा म्हातारा सोडला तर... तेवढंच उरलंय ना?" तेवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी दादाचं स्वरयंत्र मुळापासून काढून टाकलं होतं. एका बरणीत ते कुठे तरी तपासायला गेलं असणार. जगात त्या आवाजाची आता एकच प्रत होती, आणि ती थट्टेसाठी काढलेली होती.

खाकरा. या एका गोष्टीची त्याला जितकी शिसारी होती तितकी पालीचीसुद्धा नव्हती. लहानपणी दोघा भावांची एकच खोली होती आणि दादा वयाने इतका मोठा की अर्धा बापच. उजाडायच्या सुमाराला दादा उठायचा, मोरीपाशी जायचा, आणि मग ते सुरू व्हायचं. आधी छातीच्या तळाशी एक बादली घासल्याचा आवाज, मग ती बादली विहिरीच्या कडांना आपटत वर येणार, मग वर आल्यावर क्षणभर शांतता, जणू आत काय निघालंय ते दादा तपासून पाहतोय, आणि मग थप्प. पांघरुणात तो कानांवर उशी दाबून पडायचा. उशीतूनही ते यायचं. जेवताना यायचं, पाहुण्यांसमोर यायचं. दादा शाळेत भूगोल शिकवायला लागला तेव्हा वर्गात प्रत्येक शंकेच्या आधी यायचं. कारण दादाला शंका फार. कुणी काहीही सांगितलं, की आधी खाकरा, मग "पुरावा काय?" पृथ्वी गोल आहे हेही त्याने पोरांना पुराव्यानिशी पटवल्याशिवाय पुढचा धडा घेतला नव्हता, आणि त्यामुळे पुढचे धडे दर वर्षी राहूनच जायचे. लग्न झालं आणि त्या खाकऱ्याला उत्तर मिळायला लागलं. सकाळी मोरीत दादा खाकरला की स्वयंपाकघरातून वहिनी म्हणायची, "हो, टाकते." म्हणजे चहा. दोघांनी कधी एकमेकांना सुप्रभात म्हटलं नाही, प्रेमाचा शब्द तर त्या घरात कुणी उच्चारलेला त्याला आठवत नव्हता. खाकरा आणि "हो, टाकते". एवढ्या दोन शब्दांत, त्यातला एक तर शब्दही नाही, त्यांनी संसार केला. वहिनीला किळस कशी येत नाही, याचं त्याला तेव्हा नवल वाटायचं. आणि जरा रागही यायचा, का ते त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

रस्ता ओलांडताना त्याला स्टुडिओच्या स्पंजाचा वास आला. म्हणजे तिथे स्पंज नव्हता, पण वास आला. माइकवर काळ्या स्पंजाची टोपी असते. तीत त्या खोलीत बोललेल्या प्रत्येकाचा श्वास, थुंकी, विडी, लसूण आणि महत्त्वाकांक्षा मुरलेली असते, आणि चांगला आवाज हवा असेल तर त्या टोपीला जवळजवळ ओठ टेकवावे लागतात. कार्यक्रमात दोन माणसं होती. एक दंतवैद्य, ज्याने दात काढता काढता चिन्यांनी अमेरिका शोधल्याचं शोधून काढलं होतं. आणि दुसरा तो प्राध्यापक, ज्याचं म्हणणं होतं की असं काही दिसत नाही. दोघांचे ओठ परदेशी, आवाज आपल्याकडचा भरायचा, आणि दोन माणसं बोलवायची चैन नव्हती. काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली, "सर, दोघांनाही तुम्हीच करा. फक्त वेगळे वाटू देत. एक जरा... दमदार. आणि दुसरा जरा..." "जरा काय?" "म्हणजे बोअर. पण गोड बोअर. आजोबाटाइप." आदल्या दिवशी त्याने दादाला फोन केला होता. विषय भूगोलाचा, म्हटलं विचारावं. दादा हरखला होता. नोकरी सुटल्यावर त्याला भूगोल विचारणारं कुणी उरलं नव्हतं. आधी खाकरला, मग म्हणाला, "हे बघ पोपट. जहाजं मोठी होती, मान्य. दर्यासारंग मोठा होता, मान्य. इकडचे किनारे केले, आफ्रिकेच्या पूर्वेला पोचले, मान्य. बादशहाच्या दरबारात जिराफ आला, मान्य, त्याचं चित्रच आहे. म्हणजे जिराफापर्यंत ठीक आहे. पुढे पुरावा काय?" मग बराच वेळ वारे आणि प्रवाह सांगत राहिला, आणि शेवटी, अगदी ठेवता ठेवता, "करशील ना नीट? बिचारा प्राध्यापक खरं बोलतोय," असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकाचे ओठ हलायला लागले, आणि त्याने स्पंजाला ओठ लावून जो गळा उघडला त्यातून दादा बाहेर आला. सगळाच्या सगळा. नाक, कुरकुर, जिराफ, आणि आधी बादली घासत वर येणारा तो खाकरा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसून हसून टेबलावर डोकं ठेवून पडला. दिग्दर्शिकेने अंगठा दाखवला. मूळ प्राध्यापक खाकरला नव्हता. पण खाकरा कुठे तरी बसवायचाच म्हणून त्यांनी त्याच्या चित्रीकरणातला चष्मा पुसतानाचा एक तुकडा शोधून काढला.

आणि दंतवैद्याला त्याने आपला आवाज दिला. आपला सर्वांत चांगला, जपून ठेवलेला, तेलाच्या जाहिरातीलाही न वापरलेला. तळाशी तांबं, वर मध. त्या आवाजात "अशक्य नाही" असं म्हटलं की समोर समुद्र दुभंगायचा. पुरावा नाही? जाळला असेल. जाळल्याचा पुरावा नाही? तोही जाळला असेल. "इतिहास गप्प आहे. पण समुद्र... गप्प नाही." हे वाक्य म्हणताना त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता, आता तो काटा आठवला तरी तोंडात आंबट पाणी सुटत होतं. कार्यक्रम लागला आणि लोकांनी ठरवून टाकलं. कुणी नकाशा पाहिला नाही, पुस्तक उघडलं नाही, आवाज ऐकला. इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला ठेवून चिनी आरमारावर चर्चा झाली आणि आरमार एकमताने मंजूर झालं. ज्याने त्याने त्याच्यासमोर त्याच्याच आवाजाचा दाखला द्यायला सुरुवात केली, "अहो, ते डॉक्टर सांगतात ना!" त्याला आपल्या घशाचीच घाण वाटायला लागली. एखाद्या भाड्याच्या खोलीसारखा घसा: खालच्या अंगाला खोटं राहतं, ते सजवून ठेवलेलं, आणि वरच्या माळ्यावर खरं राहतं, ते खाकरत असतं, आणि भाडेकरू हसतात. रोज सकाळी दात घासताना जीभ बाहेर काढून तो आत पाहायचा. लाल, ओलं, लोंबणारं. पाहावंसं वाटेना. दुसऱ्या भागाचीही बोलणी सुरू झाली होती. "म्हाताऱ्याला वाढवू, सर. लोक म्हाताऱ्यासाठी बघतायत." दादाने कार्यक्रम पाहिला का, हे त्याने विचारलं नाही. वहिनीने आपणहून सांगितलं. "पाहिला की. म्हणाले, तो म्हातारा बोलतोय बरोबर, पण आवाज काय घाणेरडा! कोणी घेतला हा माणूस?" वहिनीच्या स्वरात काय होतं ते त्याला फोनवर कळलं नाही. तिने ओळखला होता, एवढं मात्र कळलं. त्यानंतर दादाचा घसा बसला, तो उठलाच नाही, आणि घाणेरडा आवाज तपासायला डॉक्टरांकडे गेला.

वॉर्डात फिनेलचा वास होता आणि त्याखाली फिनेलने जो झाकायचा तो. दादा उशांना टेकून बसला होता. गळ्याच्या तळाशी, जिथे शर्टाचं पहिलं बटन लागतं तिथे, एक भोक होतं, भोकात नळी, आणि प्रत्येक श्वासाला नळी बारीक शीळ घालत होती. तोंड बंद होतं आणि श्वास चालू होता. तोंड नुसतं शोभेला राहिलं होतं. तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच नळीच्या तोंडाशी पिवळसर काहीतरी आलं, फुग्यासारखं थरथरलं, आत गेलं, परत आलं. सिस्टरने यंत्राची नळी आत सरकवली. ग्लासच्या तळाचं सरबत ओढताना होतो तसा आवाज झाला. तो खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर एक भिंत होती, तिच्याकडे त्याने खूप लक्षपूर्वक पाहिलं. वहिनीने पुढे होऊन पोराचा शेंबूड पुसावा तसं दादाच्या गळ्याचं भोक पुसलं आणि म्हणाली, "बघा, आले भाऊजी. दाढीबिढी करून आलेत. मी कप विसळून आणते तोवर." आणि खाटेमागच्या पडद्याआड बेसिनपाशी गेली. शेजारच्या खाटेवर नाकाला भलं मोठं बँडेज बांधलेला एक गृहस्थ होता. त्याने स्वतःची ओळख करून दिली: निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर, नाकाचं हाड. "तुम्ही बंधू? या, या. यांच्याशी आमची चर्चा चाललीय. म्हणजे बोलतो मी. हे लिहितात. फार सावकाश लिहितात हो. मी ऑस्ट्रेलियात पोचतो तोवर यांचा जिराफच पुरा होत नाही." बँडेजमधून हसू बाहेर पडेना, नुसतं गदगदलं. "साधी गोष्ट आहे. अमेरिका कोणी शोधली? चिन्यांनी! ऑस्ट्रेलिया? चिन्यांनी! कागद कुठे गेले? जाळले! कोणी जाळले? चिन्यांनीच! आता बोला!" आता बोला, हे तो दादाला म्हणत होता. दादाच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती. नळीची शीळ वाढली. आयुष्यभर ज्याने एकही खोटं विधान खाकरल्याशिवाय समोरून जाऊ दिलं नव्हतं, त्याच्या कानाशी सकाळपासून हे चालू होतं.

दादाने पाटी ओढली. अक्षर तसंच, फळ्यावरचं, रेखीव. *कार्यक्रम पाहिला.* बाहीने पुसलं. *तो म्हातारा मी.* त्याची मान होकारार्थी हलली असावी, कारण दादाने पुढे लिहिलं: *मला कळलं नाही. हिने सांगितलं.* पुसलं. *आवाज घाण आहे.* "दादा, मी खरंच तसं..." दादाने हात वर केला, वर्गाला गप्प करायचा तसा, आणि लिहीत राहिला, खडू कुरकुरत राहिला. पाटी वळवली. *दंतवैद्याला द्यायचा होतास.* हे डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला. दंतवैद्याला हा आवाज दिला असता, तर दंतवैद्यावर कोणी विश्वास ठेवला असता? आणि प्राध्यापकाला मध दिला असता तर... दादाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हसू तोंडातून येत नव्हतं, गळ्याच्या भोकातून येत होतं, फस्-फस् करून, आणि त्याबरोबर एक तुषार उडाला, आणि त्यातला एक कोमट थेंब त्याच्या ताज्या गुळगुळीत गालावर, बरोब्बर सकाळच्याच जागी, येऊन बसला. रुमालाकडे हात गेला. पण दादा त्याच्याकडे पाहत होता, इतक्या मोठ्या विनोदाची दाद मागत, आणि हात खिशातच राहिला.

*याला सांग.* दादाने खडूनेच शेजारच्या खाटेकडे खूण केली.

त्याने घसा साफ केला, म्हणजे आपल्या पद्धतीने, न ऐकू येईल असा, आणि सुरुवात केली. "हे पाहा साहेब, या आरमाराच्या सफरींचे पुरावे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच..." तांबं आणि मध. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, काय आवाज! डिट्टो ते टीव्हीवरचे डॉक्टर! ऐका हो मास्तर, तुमचे बंधूसुद्धा तेच म्हणतायत!" दादाने खडू पाटीवर आपटला, खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने लिहिलं: *माझ्या.*

"नको ना, दादा. इथे नको." खडूचा तुकडा त्याच शब्दाखाली रेघ मारत राहिला. मग तो खुर्चीत जरा पुढे वाकला, खांदे आत घेतले, नाक आवळलं, आणि म्हणाला, "जिराफापर्यंत ठीक आहे." शब्द बरोबर होते, नाक बरोबर होतं. इन्स्पेक्टर उठूनच बसला. "अरेच्या! तोच म्हातारा!" दादाने मात्र मान हलवली. नाही. वहीतलं उत्तर बरोबर पण रीत चुकली, की मुलाकडे पाहायचा तसा पाहिला, आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: *आधी खाकर.*

ते होणार नाही असं त्याला वाटलं. स्टुडिओत झालं होतं, तेव्हा समोर काच होती, हसणारे होते. स्पंज होता, स्पंजाला काय. इथे समोर तो माणूस होता ज्याला आता ते कधीच करता येणार नव्हतं, ज्याच्या छातीतलं सगळं आता कुणी तरी यंत्राने ओढून काढायचं होतं, आणि तो पाटी धरून वाट पाहत होता, पोराने पाढा म्हणायची वाट पाहावी तशी. त्याने डोळे मिटले. उशी आठवली. मोरी आठवली. बादली तळाशी सोडली, पार तळाशी, जिथे त्याने स्वतः कधी हात घातला नव्हता, आणि ती घासत, कडांना आपटत वर आणली. या वेळी ती रिकामी आली नाही. खरोखरीचं काहीतरी वर आलं, जाड, खारट, कोमट, आणि जिभेवर येऊन बसलं.

पडद्याआड नळ चालू होता. कप विसळताना मान वर न करता द्यायचं उत्तर वहिनीने दिलं. "हो, टाकते."

मग नळ बंद झाला. पडदा हलला नाही. इन्स्पेक्टर हसायचं तोंड करून होता, तो तसाच राहिला. दादाची शीळसुद्धा क्षणभर थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली, जरा जलद. तोंडातला तो गोळा घेऊन तो बसून राहिला. थुंकायला पिकदाणी खाटेखाली होती. तेवढं वाकायचं म्हणजे दादाच्या डोळ्यांवरून डोळे काढावे लागले असते. त्याने तो गिळला. सगळा गिळला, आणि दादाच्या आवाजात इन्स्पेक्टरला विचारलं, "पुढे पुरावा काय?"